लेझरचा मिथेन डिटेक्टर घ्यावा का, आणि घेतला तर त्याचा आकडा कसा वाचावा

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आवारात भट्ट्यांसाठी टँकरने येणाऱ्या एलएनजीची (म्हणजे थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूची, जो मुख्यतः मिथेनच असतो) टाकी आणि त्या द्रवाचा पुन्हा वायू करणारा व्हेपरायझर आहे, कँटीनसाठी एलपीजी सिलिंडरांची बँक आहे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बायोगॅसचा डायजेस्टर आहे. एका विक्रेत्याने त्यांना हातात धरायचा लेझर मिथेन डिटेक्टर दाखवला आणि १०० मीटरवरून गळती सापडते असे सांगितले. हे उपकरण घेतल्यावर जुने स्निफर, म्हणजे गळतीच्या जागी धरून हवा हुंगणारे डिटेक्टर, काढून टाकता येतील का, पडद्यावर येणारा ‘पीपीएम-मीटर’ हा आकडा कसा वाचायचा, खरेदीपूर्वी काय तपासायचे आणि ते कोणाच्या हाती द्यायचे, अशी त्यांची विचारणा आहे.

माझे उत्तर असे की उपकरण अवश्य घ्यावे, मात्र स्निफर काढू नयेत. लेझर आपल्याला ‘कुठे जाऊन पाहायचे’ ते सांगतो. ‘तिथे उभे राहणे सुरक्षित आहे का’ हे सांगण्यासाठी तो बनवलेलाच नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की चांगले उपकरणसुद्धा धोक्याचे ठरते, आणि ही गल्लत बहुतेक वेळा त्या पीपीएम-मीटरपाशीच होते. म्हणून तिथवर जाण्याआधी उपकरणाच्या आत काय घडते ते थोडे समजून घेऊ.

मिथेनचा रेणू अवरक्त प्रकाशाच्या काही ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. त्यांपैकी १.६५ मायक्रॉनच्या आसपासची, नेमके सांगायचे तर सुमारे १६५३.७ नॅनोमीटरची शोषणरेषा या कामासाठी सोयीची पडते, कारण तिथे हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड फारशी लुडबूड करत नाहीत आणि दूरसंचाराच्या क्षेत्रात विकसित झालेले छोटे अर्धवाहक लेझर त्या तरंगलांबीवर सहज मिळतात. उपकरण या लेझरचा विद्युतप्रवाह झपाट्याने कमी-जास्त करून तरंगलांबी त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे फिरवत राहते. किरण समोरच्या भिंतीवर, पाइपवर किंवा जमिनीवर आदळून विखुरतो आणि त्यातला अगदी थोडा अंश परत येऊन भिंगात शिरतो. वाटेत मिथेन असेल तर परत आलेला प्रकाश नेमक्या त्या रेषेवर दबलेला दिसतो, आणि रेषेच्या बाजूला मात्र दबलेला नसतो. भिंत काळी आहे की पांढरी, जवळ आहे की दूर, याचा परिणाम रेषेवर आणि रेषेबाहेर सारखाच होत असल्यामुळे तो वजा करता येतो. उरते ते मिथेनचे शोषण. पंप नाही, नळी नाही, गॅस उपकरणात यावाही लागत नाही, त्यामुळे उत्तर सेकंदाच्या एका अंशात मिळते.

यातून दोन चांगल्या गोष्टी आपोआप पदरात पडतात. पेलिस्टर पद्धतीच्या जुन्या स्निफरमधील उत्प्रेरक मणी सिलिकोनच्या वाफांनी हळूहळू निकामी होतो आणि त्याला जळण्यासाठी ऑक्सिजनही लागतो, म्हणून नायट्रोजनने पर्ज केलेल्या, म्हणजे नायट्रोजन सोडून आतून साफ केलेल्या लाइनपाशी तो खरे प्रमाण दाखवत नाही. लेझरला या दोन्ही अडचणी नाहीत. शिवाय पेट्रोलची वाफ, थिनर, सॅनिटायझर यांना स्निफर ओरडतो, लेझर ओरडत नाही. ही निवड मोठ्या कामाची आहे. मात्र तिची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या कँटीनशी थेट संबंधित आहे.

आता पीपीएम-मीटर. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग, आणि पीपीएम-मीटर हा आकडा म्हणजे गॅसची तीव्रता गुणिले किरणाच्या वाटेतील गॅसच्या थराची जाडी. पडद्यावर ५०० आले, तर त्याचा अर्थ किरणाच्या वाटेत १०० पीपीएमचा ५ मीटर जाड विरळ ढग आहे असा होऊ शकतो. तेच ५०० हे ५०,००० पीपीएमच्या अवघ्या १ सेंटिमीटर जाडीच्या झोतामुळेही येऊ शकतात. मिथेनची खालची ज्वलनमर्यादा, म्हणजे ज्याच्या खाली मिश्रण पेट घेत नाही ते प्रमाण, हवेत ५ टक्के, म्हणजे नेमकी ५०,००० पीपीएम आहे. म्हणजे एकाच आकड्याच्या पोटात दोन परिस्थिती बसतात: एकीत काडी ओढली तरी काही होणार नाही, दुसरीत फ्लँजपाशी, म्हणजे पाइपच्या बोल्ट लावलेल्या सांध्यापाशी, पेट घेणारे मिश्रण तयार आहे. लेझरला या दोहोंत फरक करता येत नाही, आणि कितीही महागडे उपकरण आणले तरी एका दिशेने टाकलेल्या एका किरणाला तो करता येणार नाही. या एका कारणासाठी परमिटवर (धोक्याच्या कामाच्या लेखी परवान्यावर) लिहायचा आकडा, वेल्डिंगसारखे गरम काम सुरू करण्यापूर्वी घ्यायचा आकडा आणि माणूस आत उतरवण्यापूर्वी घ्यायचा आकडा हा त्या जागी धरलेल्या डिटेक्टरचाच, ज्वलनमर्यादेच्या टक्क्यांत असला पाहिजे. लेझरचा आकडा परमिटवर लिहिलेला मी काही ठिकाणी पाहिला आहे. असे परमिट कुणी दाखवले तर त्यावर सही करू नये.

या आकड्यात आणखी एक गोष्ट लपलेली असते. स्वच्छ हवेतही मिथेन सुमारे १.९ पीपीएम असतोच. त्यामुळे ३० मीटर अंतरावरच्या भिंतीवर किरण टाकला की गळती नसतानाही साधारण ५७ पीपीएम-मीटर इतका आकडा केवळ हवेचा असतो. तीच भिंत १० मीटरवर असेल तर १९. किरण जाऊन परत येतो, म्हणजे हवा दोनदा ओलांडतो. उपकरण आकडा एकेरी अंतराचा दाखवते की दुहेरी, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे, नाहीतर दोन कंपन्यांच्या उपकरणांची तुलना चुकते. नवखा माणूस गेटपाशी उभा राहून उपकरण जवळच्या खांबावरून दूरच्या शेडकडे वळवतो, आकडा चढतो, आणि तो गळती सापडली म्हणून धावतो. अंतर वाढले म्हणून आकडा संथपणे चढत असेल तर ती हवा आहे. अंतर तेच असताना एखाद्या जागी आकडा एकदम उसळत असेल आणि उपकरण वीतभर सरकवताच पडत असेल, तर तिथे जाऊन पाहण्यासारखे काहीतरी आहे. अनुभवी माणूस आकड्याकडे कमी आणि त्याच्या या उसळण्याकडे जास्त पाहतो.

विक्रेत्याच्या १०० मीटरच्या दाव्याकडे याच दृष्टीने पाहावे. हातातल्या बहुतेक उपकरणांची साध्या भिंतीवर किंवा जमिनीवर काम करण्याची मर्यादा ३० मीटरच्या आसपास असते. १०० मीटरपर्यंत जाण्यासाठी समोर खास परावर्तक लावावा लागतो. परत येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे १० मीटरवरून ३० मीटरवर गेलात की नऊ पट कमी प्रकाश हाती येतो. पण अडचण केवळ प्रकाशाची नाही. एक छोटा हिशेब करून पाहू, कारण तो केल्याशिवाय ही गोष्ट मनात बसत नाही.

एखाद्या व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, मिनिटाला १ लिटर मिथेन निसटतो आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मिलिलिटर. वारा सेकंदाला २ मीटर वेगाने वाहतो आहे आणि आपण बाजूने पाहत असलेल्या ठिकाणी गॅसचा पट्टा अर्धा मीटर उंच पसरला आहे. सेकंदाला त्या पट्ट्याचे १ चौरस मीटर क्षेत्र किरणासमोरून पुढे सरकते आणि त्यात १७ मिलिलिटर गॅस वाटला जातो, म्हणून किरणाला दिसतो तो जेमतेम १७ पीपीएम-मीटर. आता आपण १५ मीटरवर उभे आहोत, तर नुसत्या हवेचाच आकडा २८ च्या घरात आहे आणि तोही थोडा हेलकावत आहे. ही गळती तुम्हाला दिसणार नाही, किंवा दिसली तरी विश्वास बसणार नाही. हीच गळती पहाटे, वारा सेकंदाला अर्धा मीटर असताना पाहिली, तर आकडा चौपट म्हणजे ६७ च्या आसपास येईल. आणि वारा तोच ठेवून, किरण दूरच्या पसरलेल्या पट्ट्याऐवजी ग्लँडच्या अगदी लगत, जिथे पट्टा अजून हातभरसुद्धा उंच झालेला नाही, सुमारे १० सेंटिमीटर आहे, तिथे टाकला तर आकडा ८० च्या पुढे जाईल. उपकरण तेच आणि गळतीही तीच आहे. बदलली ती वेळ, उभे राहायची जागा आणि नेम.

म्हणून माझा आग्रह असतो की ज्या सांध्यापाशी पायी जाता येते तो सांधा ३ ते ५ मीटरवरून पाहावा आणि ३० मीटरची क्षमता उंचावरच्या पाइप रॅकसाठी, कुलूपबंद मीटर रूमसाठी, टाकीच्या माथ्यासाठी राखून ठेवावी. शिडी लावल्याशिवाय, परांची उभारल्याशिवाय पाइप रॅकचे सांधे पाहता येणे, हेच या उपकरणाच्या किमतीचे खरे समर्थन आहे. बंद खोलीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: १.६५ मायक्रॉनचा प्रकाश खिडकीच्या साध्या काचेतून आरपार जातो, त्यामुळे दार उघडण्यापूर्वी, दिव्याच्या बटनाला हात लावण्यापूर्वी आत गॅस साठला आहे का ते बाहेरूनच पाहता येते. किरण काचेवर अगदी सरळ टाकू नये, थोडा तिरपा टाकावा, नाहीतर काचेवरूनच परतलेला प्रकाश भिंगात घुसतो आणि आतले काहीच कळत नाही. काळी फिल्म किंवा उष्णतारोधक लेप लावलेल्या काचांवर मात्र भरवसा ठेवू नये.

आता आपल्या आवारातल्या तीन वायूंकडे येतो. तिन्ही ठिकाणी हे उपकरण सारखे उपयोगी नाही.

कँटीनच्या एलपीजीसाठी ते निरुपयोगी आहे, असेच समजून चालावे. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांचे शोषण या भागात पसरट असते, मिथेनसारखी टोकदार रेषा त्यांना नसते, आणि हे उपकरण तर टोकदार रेषाच शोधत असते. सिलिंडर बँकेच्या मॅनिफोल्डवर किरण टाकून शून्य आले म्हणून ‘सब ठीक’ लिहिणे यासारखा घात दुसरा नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गटारात आणि खोलगट जागेत साचून राहतो आणि त्याची खालची ज्वलनमर्यादा २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मिथेनच्या निम्म्याहून कमी असते. तिथे साबणाचे पाणी, जमिनीलगत बसवलेले स्थिर डिटेक्टर आणि नाक हेच खरे. अधूनमधून एखादा विक्रेता खिशातला लायटर काढून त्याच्या गॅसवर उपकरण दाखवू पाहतो. लायटरमध्ये ब्युटेन असते. अस्सल मिथेन उपकरण त्यावर गप्प बसायला हवे. ते ओरडले, तर आपण नेमके काय विकत घेत आहोत हा प्रश्न तिथेच विचारावा.

डायजेस्टरच्या बायोगॅसमध्ये मिथेन ६० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून घुमटाचे सांधे, पाण्याचे सील, फ्लेअरकडे जाणारी लाइन हे सारे लेझरला चांगले दिसते. मात्र तिथल्या माणसाचा जीव मिथेनपेक्षा हायड्रोजन सल्फाइड लवकर घेतो, १०० पीपीएमला तो प्राणघातक धोक्याच्या वर्गात जातो आणि त्या तीव्रतेला नाकही बधिर होते. लेझरला तो दिसत नाही. ऑक्सिजनची कमतरताही दिसत नाही. टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरायचे असेल तर अंगावरचा चार वायूंचा डिटेक्टर, बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस आणि परमिट, यांना पर्याय नाही. विदर्भात सेप्टिक टँक आणि चेंबर साफ करताना माणसे दगावल्याच्या बातम्या वाचून हळहळणारे आपण, स्वतःच्या कारखान्यात मात्र ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणून सोडतो.

एलएनजीची बाब सर्वांत बारकाव्याची आहे. साठवणीत हा द्रव उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर जातो, हे शाळेत शिकलेले विधान इथे पहिल्या काही मिनिटांत खरे नसते: उणे ११० अंशांच्या खाली असलेली मिथेनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटते आणि उताराच्या दिशेने केबलच्या खंदकात शिरते. होज सोडताना किंवा द्रवाच्या बाजूच्या फ्लँजमधून गळती झाली तर किरण वर नाही, खाली, पायाच्या कठड्यालगत फिरवावा. दुसरे असे की थंड वाफेभोवती दिसणारा पांढरा ढग हा गॅस नसून हवेतल्या बाष्पाचे धुके असते. धुके किरणाला वाटेतच विखुरते. त्यामुळे दाट ढगावर नेम धरलात तर उपकरण एक तर ‘प्रकाश अपुरा’ म्हणेल किंवा धुक्याच्या पृष्ठभागावरूनच परत येऊन आतल्या गॅसपेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवेल. अशा वेळी आकडा कमी आला म्हणजे गॅस कमी, असे मुळीच नाही. ढगाच्या कडेवरून, जिथे पलीकडचे दिसते आहे तिथून पाहावे. आणि खरे सांगायचे तर पांढरा ढग दिसतो आहे इतकी गळती असेल, तर ती वेळ उपकरण काढण्याची नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने दूर होऊन आपत्कालीन व्हॉल्व्ह बंद करण्याची आहे.

एलएनजीला बहुधा वास नसतो, कारण वास देणारे मर्कॅप्टन त्या तापमानाला गोठतात आणि ते व्हेपरायझरनंतर, वायुरूपात मिसळावे लागतात. त्यामुळे टाकी ते व्हेपरायझर या टप्प्यात नाक कामाचे नाही आणि लेझरचा सर्वांत मोठा उपयोग नेमका इथे आहे. आपल्या तीन ठिकाणांपैकी एकाच जागी उपकरण वापरायला मिळाले असते, तरी मी ही जागा निवडली असती.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो, म्हणजे क्रम लक्षात येईल. अशाच एका व्हेपरायझर यार्डात सकाळी फेरी मारताना कुंपणाबाहेरून पाइप रॅककडे किरण फिरवला असता इतर ठिकाणी ३५-४० वर असणारा आकडा रेग्युलेटर स्किडच्या एका टोकाला १४० वर उसळत होता. तिथेच दोन पावले डावीकडे सरकून पुन्हा पाहिले, तेव्हा उसळी त्याच जागी राहिली; म्हणजे मागच्या शेडचा किंवा अंतराचा प्रश्न नव्हता. वाऱ्याच्या बाजूने जवळ गेल्यावर ४ मीटरवरून आकडा ६०० पर्यंत पोचला, पण तो सतत नव्हता, दर काही सेकंदांनी येऊन जात होता. असे स्पंदन दिसले की पहिला संशय फ्लँजवर घेऊ नये, रेग्युलेटरच्या व्हेंटवर, म्हणजे हवेत उघडणाऱ्या छोट्या तोंडावर, घ्यावा. व्हेंटच्या तोंडाशी स्निफर धरला, तो वाजला. शेजारच्या फ्लँजवर साबणाचे पाणी ओतले, बुडबुडा नाही. रेग्युलेटर उघडल्यावर आतला डायाफ्राम चिरलेला निघाला. लेझरने जागा दाखवली, स्निफरने तोंड दाखवले, साबणाने शेजारी निर्दोष ठरवला. तिघांपैकी एकालाही रजा देऊन हे काम नीट झाले नसते.

नागपूरच्या हवेचा या उपकरणावर काय परिणाम होतो, हे माहितीपत्रकात सापडणार नाही. लेझर डायोडची तरंगलांबी तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटरने सरकते, आणि मिथेनची ती रेषा स्वतःच त्याहून अरुंद आहे. म्हणजे डायोड १ अंशाने जरी सैल सुटला तरी तो भलत्याच जागी पाहू लागेल. म्हणून आत एक छोटी विद्युत-शीतक पट्टी डायोडला एका तापमानावर घट्ट धरून ठेवते. तिची ताकद मर्यादित असते आणि पुष्कळ उपकरणांची कार्यमर्यादा ५० अंशांची असते. नवतपात सावलीतला पारा ४५ च्या वर असताना उन्हात धरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या खोक्याचे तापमान ५० च्या किती वर असेल याचा अंदाज कुणालाही येईल. उपकरण शीतक दमल्याचा इशारा देते, पण इशारा येण्यापूर्वीच आकडे हेलकावू लागलेले असतात. ते जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, दोन फेऱ्यांच्या मध्ये सावलीत ठेवावे आणि एप्रिल ते जून या काळात फेरी सकाळी ८ च्या आत आटपावी. वर केलेला वाऱ्याचा हिशेबही पहाटेच्याच बाजूने कौल देतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा गॅस वर उडवून नेते, भर उन्हाचा प्रकाश भिंगात शिरून गोंधळ घालतो तो वेगळाच. रात्रपाळीच्या शेवटी, उजाडता उजाडता केलेली फेरी मला सर्वांत विश्वसनीय वाटते.

पावसाळ्यातली तऱ्हा निराळी. ओला पृष्ठभाग हा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे भिजलेल्या डांबरावरून किंवा चिंब भिंतीवरून परत येणारा प्रकाश इतका घटतो की १० मीटरवरच उपकरण हात टेकते. चकचकीत स्टीलच्या पाइपवर उलटी अडचण असते: किरण आरशासारखा भलतीकडे निघून जातो, आणि योगायोगाने सरळ परतला तर भिंग दिपते. अशा वेळी पाइपवर नेम न धरता पाइपच्या मागच्या भिंतीवर किंवा आधाराच्या रंगवलेल्या खांबावर धरावा, म्हणजे किरण सांध्याच्या कडेने जातो.

जमिनीखालच्या लाइनसाठी आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि गॅस सांध्याच्या वर न येता भेगेच्या वाटेने कितीतरी अंतरावर डोके काढतो. पावसाळ्यात तीच माती फुगून घट्ट होते, गॅसला वर यायला वाट उरत नाही, मग तो पाइपभोवतीच्या वाळूच्या थरातून सरकत एखाद्या मॅनहोलमध्ये किंवा केबल चेंबरमध्ये निघतो. म्हणून लेझरने सापडलेली जागा म्हणजे खोदायची जागा नव्हे. तिथून पुढे बारहोल, म्हणजे पहारीने जमिनीत छिद्रे पाडून, एकामागून एक छिद्रांतील टक्केवारी मोजून, सर्वांत जास्त टक्केवारीच्या छिद्राखाली खोदायचे, ही जुनीच रीत चालवावी.

आणि मॅनहोलमध्ये मिथेन मिळाला म्हणजे तो आपल्याच लाइनचा, असेही नाही. सांडपाण्याच्या नाल्यात, कचऱ्याच्या ढिगाऱ्यात, गाळाच्या टाकीत जिवाणू मिथेन तयार करतच असतात. नागपुरातील भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळ कोणतेही मिथेन उपकरण चालू केले तर ते गप्प बसणार नाही. पाइपमधल्या नैसर्गिक वायूत सहसा थोडा ईथेन असतो, जिवाणूंच्या वायूत तो जवळजवळ नसतो, म्हणून वाद उद्भवला तर ईथेन मोजणारे, ३.३ मायक्रॉनच्या भागात काम करणारे लेझर विश्लेषक बोलावून निकाल लावता येतो. आपल्याकडे मात्र त्यातही एक पाचर आहे. एलएनजीच्या टाकीतून उकळून निघणाऱ्या वायूत आधी मिथेनच बाहेर पडतो, ईथेन द्रवात मागे राहतो. त्यामुळे टाकीच्या माथ्यावरची गळती ईथेनच्या कसोटीवर जिवाणूंच्या वायूसारखी दिसू शकते. टाकी आणि डायजेस्टर एकाच आवारात असताना हे ठाऊक असावे.

खरेदीबाबत थोडक्यात. किंमत काही लाखांत जाते, म्हणून प्रात्यक्षिक आपल्या आवारात, आपल्या पाइपवर आणि शक्य तर दुपारी मागावे. विक्रेत्याच्या वातानुकूलित खोलीतले सगळेच उपकरण उत्तम चालते. ज्ञात तीव्रतेच्या मिथेनने भरलेली, ज्ञात जाडीची काचेची चाचणी-कुपी समोर धरून आकडा जुळतो का ते ५, १० आणि २० मीटरवर पाहावे. उपकरणाच्या पोटात स्वतःची संदर्भ-कुपी असते आणि सुरू होताना ते तिच्यावर स्वतःला तपासते. ती तपासणी अयशस्वी झाल्यास काय करायचे, दुरुस्तीला कुठे पाठवावे लागते आणि तोवर बदली उपकरण मिळते का, हे लेखी घ्यावे. एलएनजीचे यार्ड धोक्याच्या क्षेत्रात मोडते, तेव्हा आपल्या झोनला लागू पडणारे इन्ट्रिन्सिकली सेफ (म्हणजे गॅस पेटवू शकेल अशी ठिणगी न पाडणारे) असल्याचे प्रमाणपत्र आणि पेसोची, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची, मान्यता यांच्या प्रती मागाव्यात, नुसते ‘सर्टिफाइड आहे’ हे तोंडी उत्तर चालवून घेऊ नये. पेसोचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. शंका असेल तर विचारायला दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. असे प्रमाणपत्र नसलेले उपकरण कुंपणाबाहेरून वापरू, असा पर्याय काही जण सुचवतात. कागदावर तो ठीक दिसतो, पण गळती सापडल्यावर माणूस उपकरण हातात घेऊनच आत शिरतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

डोळ्यांच्या दृष्टीने मोजणारा अवरक्त किरण सहसा निर्धोक वर्गातला असतो, नेम धरण्यासाठी दिलेला हिरवा किरण मात्र तसा नसतो. तो कुणाच्या चेहऱ्यावर टाकू नये, क्रेनच्या चालकाकडे तर नाहीच, आणि आकाशाकडे उपकरण वळवताना तो बंद करावा.

राहिला प्रश्न ते कोणाच्या हाती द्यायचे याचा. सेफ्टीच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले उपकरण वर्षातून दोनदा, ऑडिटच्या आदल्या दिवशी बाहेर निघते. ते युटिलिटीच्या शिफ्ट इन्चार्जच्या ताब्यात असावे, कारण कोणता सांधा कधी उघडला गेला होता हे त्यालाच ठाऊक असते. प्रत्येक फेरीत तीच ठिकाणे, त्याच जागी उभे राहून, त्याच क्रमाने पाहावीत आणि आकड्याबरोबर वेळ, वारा कोणीकडून होता आणि अंतर किती होते हे नोंदवावे. उभे राहायच्या जागा जमिनीवर पिवळ्या रंगाने आखून ठेवल्या तर माणूस बदलला तरी आकड्यांची तुलना करता येते. दोन-तीन महिन्यांत प्रत्येक जागेचा नेहमीचा आकडा काय असतो ते कळते. मग अलार्मची पातळी कंपनीने ठरवून दिलेल्या एकाच आकड्यावर न ठेवता, लांबच्या जागांसाठी वर आणि जवळच्या सांध्यांसाठी खाली आणावी. ४ मीटरवरच्या ग्लँडला रोज ८ येत असताना एके दिवशी ३० आले, तर कंपनीचा अलार्म वाजणार नाही, पण शिफ्ट इन्चार्जने साबणाचा मग घेऊन तिकडे जायला हवे.